बाभूळवाडी तलावाच्या तळाविषयी, मामांस

कंधार,
दि. ११ जानेवारी

तीर्थरूप राघवेंद्रमामा यांच्या चरणी सौदामिनीचा नमस्कार पोहोचावा. तो नेहमीइतकाच वाकून केलेला आहे. फक्त या खेपेस वाकताना कंबर दुखते, आणि त्याचे कारण आपणच आहात.

इकडे आईबाबा खुशाल आहेत. लेस्टरच्या थंडीत आपला खोकला कसा आहे? मालविकामामींचा गुडघा आता जिना चढू देतो का? चि. मिहिर मराठी घडाघडा वाचू लागला आणि हाती पडेल ते वाचतो, हे ऐकून फार आनंद झाला. आपल्या चौऱ्याहत्तर धावांची गोष्ट तो अजून झोपण्यापूर्वी रोज मागून घेतो, असेही मामी म्हणाल्या. (लातूरच्या मैदानावरचा तो अंतिम सामना आम्हालाही पाठ आहे, शेवटच्या षटकाराने फुटलेल्या शेजारच्या घराच्या पत्र्यासकट.) आपण फोनवर चौकशी करता तेव्हा मी 'हो', 'बरं' आणि 'ठीक' या तीन शब्दांपलीकडे जात नाही, हे आपणांस ठाऊक आहे. म्हणून पत्र लिहिते आहे. लिहिताना मला कोणी मध्येच थांबवू शकत नाही, आणि आज मला थांबायचे नाही.

प्रथम हे सांगते, की आपली विनंती मी आज्ञाधारकपणामुळे मान्य केली नव्हती, तर अडचणीत सापडल्यामुळे केली होती. माझ्या भूगोलाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात क्षेत्रकार्याचा अहवाल द्यावा लागतो. माझे मार्गदर्शक डॉ. दयानंद सर यांनी माझे दोन विषय परत केले. पहिल्याच्या समासात त्यांनी लिहिले, 'ग्रंथालय'. दुसऱ्याच्या समासात लिहिले, 'पुन्हा ग्रंथालय'. मग बोलावून सांगितले, की पायाला चिखल न लागता आलेला तिसरा विषय ते उघडूनही पाहणार नाहीत; आणि जानेवारीअखेरपर्यंत अहवाल स्वीकारला गेला नाही, तर माझे वर्ष जाईल. मामा, पहिलीपासून आजवर माझे साधे खोडरबरही कधी हरवलेले नाही. मी अख्खे वर्ष कसे हरवू? नेमका त्याच आठवड्यात आपला ध्वनिसंदेश आला, की फेब्रुवारीत आपण येणार, बाभूळवाडीच्या तलावात सायप्रिनस मासा धरणार (आणि धरून, त्याच्याबरोबर छायाचित्र काढून, परत सोडून देणार), आणि त्यासाठी आधी तलावाचा तळ मोजून नकाशा करायला हवा. मासा मऊ गाळात नव्हे, तर टणक, स्वच्छ जागी चरायला येतो, म्हणून तशा जागा हुडकायच्या. आपले शेवटचे वाक्य मी वहीत जसेच्या तसे उतरवून ठेवले आहे: "पूर्वेच्या काठावरच्या कडुनिंबासमोर उभी राहा आणि चाळीसेक पावलांवर टाक, तिथे काहीतरी टणक लागेल असं मला उगाच वाटतंय." यातील 'उगाच' या शब्दाखाली मी आज लाल शाईने दोन रेघा ओढल्या आहेत.

आपल्या मित्रांनी हैदराबादहून पोहोचती केलेली ती लांब पिशवी बाबांच्या हातात पडली. रेणुकादास गुरुजींच्या घरात, जिथे कांदासुद्धा चातुर्मासात उंबऱ्याबाहेर थांबतो, तिथे मासेमारीची काठी! बाबांनी हे काय म्हणून विचारले. मी खोटे बोलत नाही, मी म्हणाले, "खोली मोजण्याचे उपकरण." बाबांना इतका अभिमान वाटला, की दुसऱ्या दिवशी शाळेच्या शिक्षककक्षात सगळ्यांना सांगून आले. ही सहा फुटांची पिशवी घेऊन मी बाभूळवाडीच्या एसटीत बसले. वाहकाने तिच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि झेंड्याचा कार्यक्रम कुठल्या गावी आहे असे विचारले. मी 'ठीक' म्हणाले. त्याचा पुढे काय अर्थ झाला, ते मला माहीत नाही.

आता त्या उपकरणाविषयी. आपण पाठवलेल्या चित्रफितीतील गोरे आजोबा जे बोलतात, ते इंग्रजीत शंभरपैकी एक्याण्णव गुण मिळवलेल्या मला तीनदा पाहूनही कळले नाही. चौथ्यांदा मी आवाज बंद करून पाहिले, तेव्हा समजले. दोरीच्या टोकाला शिशाचा गोळा, आणि त्याच्याजवळून दोरीवर सरकणारा तो केशरी पंखांचा फ्लोट. (मी त्यास अहवालात 'चिन्हक तरंगक' असे नाव दिले आहे. तलावावरील लक्ष्मीबाई त्यास 'मिरची' म्हणतात आणि पुढे सगळे गाव मिरचीच म्हणू लागले.) गोळा फेकायचा. तो तळाशी बसला, की दोरी ताणून फ्लोटला पार खाली, गोळ्यापर्यंत ओढून घ्यायचे. मग रिळातून एकेक फूट दोरी मोजून सोडत जायचे. फ्लोट ज्या फुटाला पाण्यावर डोके काढील, तितकी तेथील खोली. त्यानंतर गोळा तळावरून हळूहळू ओढायचा: हाताला जडपणे, लोण्यातून गेल्यासारखा लागला तर गाळ, ठकठक करीत आला तर खडे. कागदावर हे तीन ओळींत बसते. प्रत्यक्षात माझा पहिला गोळा पुढे जाण्याऐवजी मागे गेला आणि लक्ष्मीबाईंनी बाभळीवर वाळत घातलेल्या गोधडीत शिरला. माझ्या मोजमापाप्रमाणे त्या गोधडीची खोली दोन फूट आहे.

लक्ष्मीबाई त्या काठावर रोज म्हशी घेऊन येतात. वय सत्तरीचे, आवाज विशीतला. त्यांनी गोधडी सोडवली, दोरी हातात धरून टोकापर्यंत चाचपली आणि दोन्ही काठांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "अगं बया, हिला गळच न्हाई! बिनगळाचं काय धरून राहिलीस गं माय?" मी म्हणाले, "तळ." दुसऱ्या दिवशी काठावर सात माणसे होती, तिसऱ्या दिवशी पंधरा. पंधरा माणसांसमोर मी आजवर फक्त एकदाच उभी राहिले आहे, बक्षीस घ्यायला, आणि तेव्हाही मी डोळे मिटले होते.

पाचव्या दिवसापासून मात्र एक विलक्षण गोष्ट घडली. लोक आदराने वागू लागले. बसायला प्लास्टिकची खुर्ची आली, चहा आला, लक्ष्मीबाईंनी मला 'अगं' ऐवजी 'मॅडम' म्हटले. मच्छीमार संस्थेचे किशनराव (थर्मोकोलच्या तराफ्यावर बसून जाळी लावतात ते) जाता-येता हात जोडू लागले. मला वाटले, ज्ञानाची कदर होते आहे. याच उत्साहात मी माझ्या आयुष्यातील एक मोठे धाडस केले आणि किशनरावांना आपण होऊन प्रश्न विचारला, की पाण्याखाली काय आहे? त्यांनी तलावाकडे नीट पाहून उत्तर दिले, "पाणीच हाय की मॅडम." मी म्हणाले, त्याच्याही खाली? ते म्हणाले, "त्याच्या खाली बी पाणीच असंल." मी ते वहीत नोंदवले, आणि ग्रामस्थांना तळाविषयी काही माहिती नाही, असा निष्कर्ष प्रकरण दोनमध्ये लिहिला. मामा, ते वाक्य आठवले, की मला आजही पदराआड तोंड लपवावेसे वाटते, आणि मी तर साडी नेसतही नाही.

अकरा दिवस मी मोजले. दोनशे चौदा फेकी. खांद्यात कळ, बोटांना दोरीचे काप, नाकाची साल निघालेली. सातव्या दिवशी कडुनिंबासमोर, चाळीस पावलांवर, नऊ फूट पाण्याखाली गोळा ठक्क वाजला. पुढे ओढला, तरी ठकठक. काठाकाठाने सरकत मी वीस जागांवरून तो पट्टा पिंजून काढला. भोवती सगळा गुडघाभर गाळ, आणि मध्ये एक कठीण, सपाट, सरळ पट्टा: लांबी सहासष्ट फूट, रुंदी दहा फूट. कडा आखल्यासारख्या. असा आकार निसर्गात सहजासहजी आढळत नाही. आपला सगळा भाग बेसाल्टचा. त्याच्या भेगांत वर आलेला लाव्हा थिजून उभ्या भिंती तयार होतात, हे मला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापासून ठाऊक होते. मी त्या पट्ट्याचे नामकरण केले, 'बाभूळवाडी भित्ती'. तिच्यावर आठ पाने लिहिली, चार संदर्भ दिले, आणि तिचे वय (सांगायला लाज वाटते) साडेसहा कोटी वर्षे ठरवले. नकाशा तीन रंगांत केला. भित्तीला किरमिजी रंग दिला, कारण ती मला फार प्रिय झाली होती.

परवा, शुक्रवारी, विभागात सादरीकरण झाले. बोलताना माझा आवाज पहिल्या बाकापर्यंतच पोहोचतो, म्हणून दयानंद सर पहिल्या बाकावर येऊन बसले. ते शांतपणे ऐकत होते. भित्ती आली, तेव्हा त्यांनी खिशातून रुमाल काढला. साडेसहा कोटी वर्षे आली, तेव्हा तो तोंडावर धरला. मला वाटले, सर भारावले. मग त्यांनी विचारले, "सहासष्ट फूट. म्हणजे यार्ड किती?" मी म्हणाले, बावीस. "बावीस यार्ड लांब, दहा फूट रुंद. काही आठवतं का?" मला काही आठवले नाही. (खेळाच्या तासाला मला ग्रंथालयात बसायची परवानगी असे, मुख्याध्यापकांनी ती बक्षीस म्हणूनच दिली होती.) तेव्हा सर रुमाल बाजूला करून म्हणाले, "सौदामिनी, मी शेजारच्याच गावचा आहे. तुमच्या या भित्तीवर मी स्वतः सहा षटके टाकलेली आहेत. पाच बळी घेतले होते."

मामा, तो तलाव आटतो! पाऊस कमी झाला, की उन्हाळ्यात त्याचा तळ उघडा पडतो, ट्रॅक्टर लावून लोक गाळ नेतात, आणि उरलेल्या मैदानावर मुरूम अंथरून, सडा घालून, रोलर फिरवून पिच करतात. त्याच जागी, दरवेळी, पिढ्यान्‌पिढ्या. बाभूळवाडीतल्या तान्ह्या मुलांखेरीज प्रत्येक माणूस त्या तळावरून चप्पल घालून चाललेला आहे. मी ज्याची खोली दोनशे चौदा फेकींनी काढली, तिथे लोकांनी कलिंगडे खाल्ली आहेत! तलाव गेल्या खेपेस आटला, तेव्हा मी कुठे होते? लातूरला, सुट्टीतल्या शिकवणीला. त्याच्या आधी आटला, तेव्हाही लातूरलाच, दुसऱ्या शिकवणीला. माझ्या वाट्याचे सगळे मे महिने लातूरच्या पत्र्याखाली सराव-प्रश्नपत्रिकांत गेले, त्यामुळे आजोळचे तळे मला कायम भरलेलेच दिसत आले. घरी आल्यावर आईला विचारले, तू बाभूळवाडीची लेक, तू तरी सांगायचे नाही का? आई पोळी उलटत म्हणाली, "आटतंच की. मला वाटलं, तुला ठाऊक असेल. तू तर पहिली येतेस."

आणि गावाने का सांगितले नाही, तेही ऐका. त्यांनी मला सरकारी समजले होते. तळे उतरू लागले, की उघड्या पडलेल्या कडेच्या गाळात बरीच मंडळी हरभरा, टरबूज पेरतात. त्याला परवानगी लागते, आणि ती काढायचे दरवर्षी राहून जाते. हातात यंत्र घेऊन, वहीत आकडे लिहीत, कोणाशी न बोलणारी बाई पाहिल्यावर त्यांनी ओळखले, की ही वरून आलेली आहे. खुर्ची त्यासाठी होती. चहा त्यासाठी होता. माझ्या लाजाळूपणाला आयुष्यात प्रथमच एवढा मान मिळाला, तो केवळ तो दराऱ्यासारखा दिसला म्हणून.

सरांनी अहवाल परत केला. पण या वेळी समासात 'ग्रंथालय' लिहिले नाही. लिहिले, "मोजमाप उत्तम. अर्थ चूक. माणसांना विचारा." पंचवीस तारखेपर्यंत मुदत दिली आणि अट घातली, की नकाशावरील प्रत्येक जागेसमोर किमान दहा ग्रामस्थांनी सांगितलेली माहिती हवी. मामा, दोनशे चौदा फेकी मी आणखी एकदा केल्या असत्या. पण दहा माणसे!

काल सकाळी मी गेले. रात्रभर पाठ केलेले वाक्य लक्ष्मीबाईंसमोर एका श्वासात म्हटले: मी सरकारी नाही, मी राजश्रीची मुलगी, मला विद्यापीठात गुण मिळवायचे आहेत. लक्ष्मीबाई म्हशीच्या पाठीवर थाप मारून ओरडल्या, "आवं किशनराव, या इकडं! ही तर आपल्या राजीची लेक हाय! अन्‌ आपण हिला आठवडाभर चहा पाजून राहिलो!" किशनराव तराफा वल्हवत आले आणि म्हणाले, "मंग आधी सांगायचं न्हाई का? मी घाबरून टरबुजाचे येल उपटले ना माय!" त्यानंतर मला दहा माणसे शोधावी लागली नाहीत, बावीस आली, आणि सगळी एकदम बोलू लागली. माझा नकाशा भुईवर उलगडला, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले, आणि त्यावर बोटे फिरू लागली. मी 'सोळा फूट, अचानक उतार' लिहिले होते, तो गाळ काढणाऱ्या जेसीबीने केलेला खड्डा. 'अडथळा, स्वरूप अज्ञात', ती बुडालेली बाभूळ. 'खड्यांचा पुंजका', तिथे प्रेक्षक बसत. मी मान खाली घालून लिहीत होते, आणि दुपारपर्यंत माझ्या लक्षात आले, की मी सहा प्रश्न विचारले होते. मोजले, म्हणून सांगते.

असो. अहवाल आता वेळेत होईल, यात आपल्या उपकरणाचे श्रेय थोडे आणि लक्ष्मीबाईंचे अधिक आहे. मात्र यापुढे कृपा करून मला काठी, रीळ, दोरी, गोळा यांपैकी काहीही पाठवू नये. हैदराबादचे आपले मित्र पुढील आठवड्यात इकडे यायचे आहेत; पिशवी त्यांच्या स्वाधीन करीन. मला माझी खोली, माझे टेबल आणि माझी पुस्तके पुरेशी आहेत. मामींना नमस्कार, चि. मिहिरला अनेक आशीर्वाद.

आपली (कंबर धरून बसलेली) भाची,
सौदामिनी

ता. क. १: वरील पत्र पुन्हा वाचताना असे लक्षात आले, की एवढी लांब पिशवी परत नेण्याचा त्रास आपल्या मित्रांना देणे बरे नव्हे. ती इथेच राहू द्यावी. शिवाय फ्लोट काल बुडालेल्या बाभळीत अडकून तुटला. येताना नवीन आणावा, शक्यतो चार. सरांच्या मते कंधार, मुखेड, देगलूर मिळून असे बारा तलाव पीएच.डी.ला पुरतील.

ता. क. २: उपकरणाचे खरे स्वरूप अखेर बाबांना कळले. ते एक वेळ जेवले नाहीत. मग मी दोरी त्यांच्या हातात दिली. गळ नाही, याची त्यांनी चष्मा लावून खात्री करून घेतली आणि आज सकाळी माझ्याबरोबर आले. त्यांची फेक माझ्यापेक्षा बारा पावले लांब जाते, हे त्यांनी रविवार असूनही शिक्षककक्षातील सगळ्यांना फोन करून कळवले आहे.

ता. क. ३: किशनराव त्या काळी सामन्यांचे धावफलक लिहीत. त्यांच्या ट्रंकेत बावीस वर्षांपूर्वीची वही आहे. दयानंद सरांच्या पाच बळींपैकी पहिला, पहिल्याच चेंडूवर त्रिफळाचित, धावा शून्य, हा फलंदाज कोण, ते मी आपणांस सांगायला हवे असे नाही. लातूरच्या मैदानाचा वहीत उल्लेख नाही, पत्र्याचाही नाही. चौऱ्याहत्तर हा आकडा मात्र आहे. तो सगळ्या संघाचा आहे. कडुनिंबासमोर, चाळीस पावलांवर काहीतरी टणक लागेल असे आपणांस 'उगाच' का वाटले, ते आता कळले. तिथे पिच आहे असे भाचीला सरळ सांगितले असते, तर सामन्याचा विषय निघाला असता, नाही का?

ता. क. ४: त्या पानाची छायाप्रत मी काढून ठेवली आहे. अहवालाला परिशिष्ट म्हणून जोडावी, असे सर म्हणतात. मी अजून ठरवलेले नाही. अहवालाची एक प्रत चि. मिहिरला पाठवण्याचा विचार आहे, कारण तो हाती पडेल ते वाचतो. परिशिष्टासह की परिशिष्टाविना, हे चार फ्लोट पोहोचल्यावर ठरवीन.

ता. क. ५: पिच अजून तिथेच आहे, मामा. मी हाताने अनुभवले आहे. जिथे फलंदाज उभा राहतो, त्या टोकाशी नऊ फूट पाणी आहे, खाली मुरूम अगदी घट्ट आहे, आणि काल संध्याकाळी तिथेच एका मोठ्या सायप्रिनसने पाठ दाखवली. आपण या. तिथे दुसऱ्या चेंडूची सोय करून ठेवते.